खोडदला पडणारा उजेड: काजवा, मोबाईल आणि हायड्रोजन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे आजच्या भागाचा पूर्ण मजकूर इथे देतोय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत.

आजचा विषय आहे उजेड. उजेडात ऊर्जा असते हे आपण शाळेत शिकलो. पण ती सगळ्या उजेडात सारखी का नसते? उन्हात उभं राहिलं की त्वचा काळवंडते, ट्यूबलाइटखाली रात्रभर बसलं तरी काही होत नाही. एक्स-रे हाडापर्यंत पोचतो, टॉर्चचा उजेड तळहातातच अडकतो. हे सगळं एकाच जातीचं आहे, मग इतका फरक कुठून येतो?

या प्रश्नासाठी जर्मनी-इंग्लंडला जावं लागणार आहेच, पण सुरुवात आणि शेवट मी आपल्याच भागात करणार आहे. मी मंचरचा. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरचं जंगल आहे. तिथे पावसाळ्याच्या तोंडावर काजवे चमकतात, आणि पाऊस धरला की कुजलेल्या लाकडावर एक प्रकारची बुरशी रात्री हिरवट उजळते. आणि पूर्वेला, जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पलीकडे खोडद. तिथे शेताशेतात त्या मोठ्या जाळीच्या डिश उभ्या आहेत. जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. काजवा उजेड देतो आणि खोडदची डिश उजेड पकडते. दोन्ही उजेडच. पण खोडदचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

न दिसणारा उजेड सापडला कसा

गोष्ट १८०० सालची. विल्यम हर्शेल नावाचा खगोलशास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये एक साधा प्रयोग करत होता. प्रिझममधून ऊन सोडायचं, रंगांचा पट्टा पाडायचा आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवायचा. कोणता रंग जास्त तापवतो, एवढंच बघायचं होतं. त्याने एक थर्मामीटर तांबड्या रंगाच्या बाहेर ठेवला, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. तिथलाही पारा चढला. म्हणजे तांबड्याच्या पलीकडेही काहीतरी येत होतं. हा अवरक्त प्रकाश, इन्फ्रारेड. तुमच्या टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तोच.

पुढच्याच वर्षी, १८०१ मध्ये, जर्मनीत योहान रिटरने दुसऱ्या टोकाला बघितलं. जांभळ्याच्या बाहेर, अंधारात, चांदीचा क्षार ठेवला तर तो दिसणाऱ्या रंगांपेक्षाही लवकर काळा पडला. हा अतिनील प्रकाश. एका बाजूचा उजेड गरम करतो आणि दुसऱ्या बाजूचा रसायन बदलतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग १८६५ मध्ये मॅक्सवेलने गणिताने दाखवलं की वीज आणि चुंबकत्व मिळून लाटा तयार होऊ शकतात आणि त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाइतकाच निघतो. म्हणजे प्रकाश हीच एक विद्युतचुंबकीय लाट. साधारण वीस वर्षांनी हाइनरिख हर्ट्झने प्रयोगशाळेत ठिणग्या पाडून तशा लांब लाटा तयार केल्या. आपण आज ज्यांना रेडिओ लाटा म्हणतो त्या याच. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात काही मिलिमीटर लांबीच्या लाटा पाठवून लांबची घंटा वाजवून दाखवली होती.

तर रेडिओ, मायक्रोवेव्ह, अवरक्त, दिसणारे रंग, अतिनील, एक्स-रे, गॅमा ही एकाच कुटुंबातली भावंडं. फरक फक्त लाट सेकंदाला किती वेळा हलते याचा. त्याला म्हणतात फ्रिक्वेन्सी.

पाण्याचं एटीएम आणि प्लांकचं नाणं

आता ऊर्जेकडे येऊ. १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये माक्स प्लांकने एक विचित्र कल्पना मांडली. तापलेल्या वस्तूतून येणाऱ्या उजेडाचं गणित जुळत नव्हतं. ते जुळायला त्याला असं धरावं लागलं की ऊर्जा पाण्यासारखी सलग वाहत नाही, ती सुट्या पुडक्यांत येते. आणि एका पुडक्यातली ऊर्जा फ्रिक्वेन्सीवर ठरते. फ्रिक्वेन्सी दुप्पट, तर ऊर्जा दुप्पट. १९०५ मध्ये आइन्स्टाइन एक पाऊल पुढे गेला. तो म्हणाला, उजेडच अशा पुडक्यांचा बनलाय. त्या पुडक्याला आज आपण फोटॉन म्हणतो.

याचं उदाहरण आपल्या गावातलंच देतो. बऱ्याच गावांत आता पाण्याचं एटीएम असतं. पाचचं नाणं टाकलं की जार भरतो. तुमच्या खिशात एक-एक रुपयाची पन्नास नाणी असतील, तरी ते मशीन पाणी देत नाही. पैसे कमी आहेत म्हणून नाही, तर नाणं छोटं आहे म्हणून. उजेडाचं तसंच आहे. धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायचा असेल तर एका फोटॉनकडे तेवढी ऊर्जा असावी लागते. तांबडा उजेड कितीही वाढवा, नाणं छोटंच. अतिनीलचा मंद झोतही काम करून जातो. आइन्स्टाइनला १९२१ चं नोबेल मिळालं ते या प्रकाशविद्युत परिणामाच्या स्पष्टीकरणासाठी, सापेक्षतेसाठी नाही.

म्हणजे उजेडाची ऊर्जा बदलते ती दोन वेगळ्या अर्थांनी. एक, नाणं केवढं आहे. दोन, नाणी किती आहेत. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की सगळा घोटाळा होतो.

हिशोब रुपयांत करू

आता नाणं केवढं हे कशावर ठरतं? उजेड बाहेर टाकणाऱ्या अणू-रेणूवर. तो वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरतो, आणि दोन पायऱ्यांमधला फरक फोटॉन होऊन बाहेर पडतो. पायरी उंच, तर नाणं मोठं.

काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं रसायन ऑक्सिजनबरोबर जळतं. त्या रासायनिक क्रियेची पायरी बऱ्यापैकी उंच असते, म्हणून हिरवट-पिवळा उजेड मिळतो. भीमाशंकरच्या बुरशीतही याच प्रकारची क्रिया चालते.

दुसरं टोक म्हणजे अवकाशातला हायड्रोजन. एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन. दोघेही छोट्या चुंबकासारखे वागतात. इलेक्ट्रॉनच्या चुंबकाने दिशा उलटवली की अणू एक अगदी बारकी पायरी उतरतो आणि २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लाट बाहेर पडते. फ्रिक्वेन्सी १४२० मेगाहर्ट्झ. एकट्या अणूला ही उडी मारायला सरासरी एक कोटी वर्षांहून जास्त वाट बघावी लागते. पण आकाशगंगेत हायड्रोजन इतका अफाट आहे की कुणाची ना कुणाची उडी सतत चालूच असते.

आता हायड्रोजनच्या या एका फोटॉनची किंमत आपण एक रुपया धरू. मी गणित करून बघितलं, ते असं येतं. तुमच्या वाय-फायचा फोटॉन सुमारे पावणेदोन रुपये. ३.५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या ५जीचा सुमारे अडीच रुपये. काजव्याचा जवळपास पावणेचार लाख रुपये. शरीरातल्या कार्बन-कार्बन बंधासारखा साधा रासायनिक बंध तोडायला लागतात सुमारे सहा लाख. उन्हातल्या, त्वचा भाजणाऱ्या अतिनील फोटॉनची किंमत साधारण सात लाख. आणि दवाखान्यातल्या एक्स-रेची काही अब्ज.

हे आकडे परत एकदा वाचा. मोबाईल टॉवरच्या 'रेडिएशन'बद्दल फॉरवर्ड आला की मी हेच आकडे पाठवतो. रेडिएशन हा शब्द ऐकला की आपल्याला एक्स-रे आणि अणुबॉम्ब आठवतो. पण अडीच रुपयांचं नाणं सहा लाखांचं कुलूप उघडत नाही, मग अशी नाणी कितीही असोत. रेडिओ लाटा जास्त झाल्या तर त्या गरम करतात, मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये तेच होतं. म्हणून टॉवरच्या ताकदीला मर्यादा घातलेली असते आणि ती पाळली जाते की नाही हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. पण विचारायचं ते योग्य कारणासाठी.

खोडदच्या डिशबद्दलही आमच्या नात्यागोत्यात मला विचारलं गेलंय, 'त्यातून किरणं सोडतात का रे?' नाही. त्या काहीच सोडत नाहीत. तो कान आहे, तोंड नाही.

कल्याण, उटी, खोडद

१९३२-३३ मध्ये अमेरिकेत कार्ल जान्स्की हा टेलिफोन कंपनीतला इंजिनिअर रेडिओ फोनमधली खरखर कुठून येते ते शोधत होता. विजांची खरखर ओळखू आली. पण एक खरखर अशी होती की ती रोज जवळपास चार मिनिटं लवकर यायची. तारेही रोज तेवढेच लवकर उगवतात. ती खरखर आकाशगंगेच्या मध्याकडून येत होती. रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात ही अशी झाली. पुढे १९४४ मध्ये हॉलंडच्या व्हान डे हुल्स्टने हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लाट सापडू शकेल असं भाकीत केलं, आणि १९५१ मध्ये ती सापडली.

आपल्याकडे या सगळ्यामागचा माणूस म्हणजे गोविंद स्वरूप. जन्म १९२९, उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वाराचा. तरुणपणी ते ऑस्ट्रेलियात शिकायला गेले होते. तिथे सहा फुटांच्या ३२ डिश कामातून काढायच्या होत्या, त्या भारताला मिळाव्यात म्हणून त्यांनी खटपट केली. १९६१ मध्ये त्यांच्यासह परदेशातल्या चार भारतीय शास्त्रज्ञांनी देशात परत येऊन एकत्र काम करायचा प्रस्ताव पाठवला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभांनी तो उचलून धरला. १९६३ मध्ये स्वरूप अमेरिकेतली नोकरी सोडून मुंबईला आले आणि १९६५ मध्ये त्याच ३२ डिश कुठे उभ्या राहिल्या माहितीये? आपल्या कल्याणला. लोकलच्या गर्दीसाठी ओळखलं जाणारं कल्याण, तिथून सूर्याचे रेडिओ फोटो काढायचं काम सुरू झालं.

नंतर उटी. १९७० मध्ये ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण तिथल्या उतारावर बांधली. उटीचा अक्षांश साधारण ११ अंश, आणि निवडलेला उतारही ११ अंशांचा. त्यामुळे दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि ती एकाच दिशेने फिरवून तारा तासन् तास धरून ठेवता आला. डोंगराचाच दुर्बिणीचा भाग करून टाकला. इंजिनिअर म्हणून मला हे फार आवडतं.

आणि मग खोडद. १९९० च्या दशकात इथे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश उभ्या राहिल्या. १४ डिश खोडदजवळच्या साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये, उरलेल्या १६ तीन फांद्यांवर, इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या. दोन टोकांमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. सगळ्यांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरने एका जागी येतात. गंमत बघा, डिशने पकडलेला रेडिओ उजेड काचेच्या तारेतून पाठवायला त्याला लेझरच्या अवरक्त उजेडावर बसवावं लागतं. एक उजेड दुसऱ्या उजेडाच्या पाठीवर. मग कॉम्प्युटर ३० डिशचं गणित एकत्र करतो आणि २५ किलोमीटरच्या एका दुर्बिणीइतका बारकावा मिळतो.

त्या डिश जाळीच्या का, असं तुम्हाला वाटलं असेल. लांबून बघितलं तर आरपार आकाश दिसतं. कारण परत तेच, लाटेची लांबी. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची आणि लाट २१ सेंटिमीटर ते दोन मीटरची. त्या लाटेला ती जाळी गुळगुळीत आरशासारखीच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च वाचला. दोरखंडासारख्या ताणलेल्या तारांवर जाळी बसवायची ही रचना स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची.

प्रवासात उतरणारी किंमत

आतापर्यंत ऊर्जा बदलण्याची दोन कारणं बघितली. नाण्याचा आकार आणि नाण्यांची संख्या. तिसरं कारण खोडदला रोज दिसतं. उजेड प्रवासात असताना विश्वच प्रसरण पावतं, त्याबरोबर लाटही ताणली जाते. लाट लांबली की फ्रिक्वेन्सी उतरते आणि फोटॉनची किंमतही उतरते.

जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली होती, आठवत असेल. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाच्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जीएमआरटी वापरून फार दूरच्या एका आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा सिग्नल पकडला. तो निघाला ८८० कोटी वर्षांपूर्वी. पृथ्वी तेव्हा तयारही झाली नव्हती. निघताना लाट होती २१ सेंटिमीटर, खोडदला पोचेपर्यंत ४८ सेंटिमीटर. म्हणजे निघताना जो रुपया होता, तो इथे पोचताना ४४ पैशांचा झाला. मधे दुसरी एक आकाशगंगा भिंगासारखी आडवी आली आणि सिग्नल सुमारे ३० पट वाढला, म्हणून तो ऐकू तरी आला.

जवळचं उदाहरण हवं? १९ ऑक्टोबर २०१६. युरोपचं श्यापारेल्ली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा बारीकसा रेडिओ सिग्नल थेट ऐकणाऱ्यांत जीएमआरटी होती. उतरण्याच्या काही क्षण आधी तो तुटला. यान आदळलं होतं. मंगळावरची ती बातमी खोडदच्या शेतातल्या डिशपर्यंत पोचली होती.

शांततेची किंमत कोण देतं

आता अवघड भाग. जो सिग्नल ४४ पैशांचा आहे, तो ऐकायला आजूबाजूला शांतता लागते. किती? एक हिशोब करू. समजा चंद्रावर एक जुना २जी फोन चालू आहे. ताकद एक वॅट, ती २०० किलोहर्ट्झमध्ये पसरलेली, अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर. पृथ्वीवर त्याची तीव्रता येते साधारण २७० जान्स्की. हो, त्याच जान्स्कीच्या नावाचं एकक. आणि जीएमआरटी जे बघते ते एका जान्स्कीच्या हजाराव्या, लाखाव्या भागाइतकं मंद असतं. म्हणजे चंद्रावरचा एक फोन आकाशातल्या मोजक्या स्रोतांना सोडून बाकी सगळ्यांना झाकून टाकेल. मग नारायणगावच्या बाजारपेठेतल्या हजारो फोनचं काय?

म्हणूनच ही जागा निवडली. भोवती डोंगर, शहरांपासून अंतर, आणि तरी पुणे हाताशी. म्हणूनच आसपासच्या पट्ट्यात उद्योगांवर निर्बंध आहेत. आणि म्हणूनच पुणे-नाशिक सेमी-हायस्पीड रेल्वे अडली. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा हा मार्ग आखला होता. विजेवरची गाडी, तिच्या ठिणग्या, तिची रेडिओ यंत्रणा, हे सगळं दुर्बिणीच्या कानाशी. रेल्वे मंत्र्यांनी सांगितलं की जीएमआरटीमुळे हा मार्ग तसाच नेता येणार नाही. मग शिर्डीमार्गे पर्यायाची चर्चा सुरू झाली आणि आपल्या भागात नाराजी उसळली.

ती नाराजी मला कळते. शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीहून निघून चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास मीही काढतो. टोमॅटो आणि कांदा ट्रकमध्ये अडकतो तेव्हा तोटा शेतकऱ्याचा होतो. गावात कंपनी नाही म्हणून माझ्या वर्गातली निम्मी मुलं बाहेर आहेत. त्यांना 'विश्वाची उत्पत्ती कळणार आहे' असं सांगून भागत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रेल्वे वेगळ्या वाटेने नेता येते, शांतता नाही. ती एकदा गेली की कोणत्याही बजेटने परत आणता येत नाही. शहरातल्या उजेडामुळे आकाशातले तारे आपण घालवलेच आहेत ना? रेडिओचं आकाश जुन्नरमध्ये अजून शिल्लक आहे आणि जगभरचे शास्त्रज्ञ त्यासाठी इथे वेळ मागतात.

माझं मत विचाराल तर, दुर्बीण राहिली पाहिजे आणि तिची किंमत फक्त जुन्नर-आंबेगावने भरता कामा नये. शांतता ही देशाची गरज असेल तर ती राखणाऱ्या गावांना देशाने मोबदला दिला पाहिजे. चांगला महामार्ग, वेळेवर धावणारी एसटी, ठिणग्या न पाडणारे उद्योग, इथल्या पोरांना त्याच संस्थेत शिकायची आणि नोकरीची संधी. बोगदा, आडोसा, थोडं वळण, यातलं काय चालेल आणि काय नाही याचे आकडे मराठीत, ग्रामसभेत मांडले पाहिजेत. लोकांना डेसिबल कळत नाहीत असं समजू नका. नाणेघाटात दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या लेखात अंक आहेत. या तालुक्याला आकड्यांची सवय जुनी आहे.

गोविंद स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात गेले. दोनच महिन्यांनी जीएमआरटीला आयट्रिपलई या जागतिक संस्थेचा माइलस्टोन सन्मान मिळाला. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनाला, खोडदला मोठं प्रदर्शन भरतं आणि गावोगावच्या शाळांची पोरं आपापले प्रयोग घेऊन येतात. जवळ असाल तर जाऊन या. आत जाताना फोन बंद करायला सांगतील. का सांगतात ते आता तुम्हाला माहीत आहे, शेजारच्याला पण सांगा.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटू लवकरच.